सगळं माझं मी करते

॥ श्री ॥
फ्रँकफर्ट, दि. १२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप सुरेखामावशीस हृषिकेशचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच झालं, नाहीतर माझं मराठी लिहिणं कधीच सुटलं असतं. ईप्सिताची पीएच.डी. शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणजे घरात स्वयंपाक मी करतो आणि नावं ती ठेवते.

आता खरी बातमी. आमच्या कंपनीला तुमच्याच जिल्ह्याचं काम मिळालं आहे. लिंडेनवाइलर ज्या लांडराट्सआम्टखाली येतं त्या जिल्हा कचेरीचं. तुझ्याकडे सकाळी फ्राउ बेकर येतात, आंघोळीला आणि ते पायांचे घट्ट मोजे चढवायला मदत करतात, तशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांकडे कचेरीच्या खर्चाने बायका जातात. कुणाकडे किती वेळ जायचं हे पूर्वी कधीतरी कुणीतरी ठरवलं आणि तेच चालू आहे. ज्याला गरज नाही त्याच्याकडे बाई कॉफी पीत बसते, आणि ज्याला उठता येत नाही तो दाराकडे डोळे लावून बसतो. हे आम्ही सरळ करणार आहोत, आणि त्यातला नियम ठरवण्याचा भाग माझ्याकडे आहे.

माझी पद्धत सोपी आहे. आजवर कचेरीतली माणसं नुसतं विचारायची आणि लोक रडगाणं गायचे. आता तपासनीस बाई घरी जाऊन बसेल आणि माणसाला काय जमतं ते स्वतः बघेल. जे दिसेल तेच धरायचं, ऐकलेलं नाही. त्यावरून तीन गट पडतील. ज्यांचं त्यांना जमतं ते, ज्यांना घरी मदत हवी ते, आणि ज्यांनी हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमातच, राहणं बरं ते. वाचलेला वेळ खऱ्या गरजूंना मिळेल.

मार्चमध्ये तुझ्याकडेही कुणीतरी येईल. मी तुझा भाचा हे सांगू नकोस, उगाच वशिला दिसायला नको. बाकी काळजीचं काही नाही, तू नेहमीसारखी राहा.

तुझी माया पाठीशी आहेच, ती हलवू नकोस.

तुझा,
हृषिकेश


॥ श्री ॥
लिंडेनवाइलर, दि. १९ मार्च २००६

चि. हृषिकेश यास सुरेखामावशीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझी बाई येऊन गेली. फ्राउ होल्ट्झ. उंच, भुरी, पायात पुरुषी बूट, पण बोलायला गोड. तू म्हणालास तसं तुझं नाव काढलं नाही. पण मला तर ठाऊक होतं ना, की ही आपल्या हृषिकेशने पाठवलेली माणसं आहेत. मग घर तसं ठेवायला नको?

आदल्या दिवशी पडदे धुऊन घेतले. सकाळी फ्राउ बेकरला सांगून नारायणपेठ नेसले. निऱ्या तिनेच धरल्या, मी तिला शिकवलं आहे. म्हातारी मी दाराकडे डोळे लावून बसले होते, अगदी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी. हसू नकोस. इथे ग्रीस नावाने मिळतो तो रवा शिऱ्याला बरा असतो, केशर घालून शिरा केला. चहाचा ट्रे मी स्वतः उचलून आणला. तिने दोनदा घेतला शिरा.

मग तिने एकेक विचारलं. आंघोळ कशी करता, कपडे कोण घालतं, पडता का. पाहुण्यासमोर काय असलं बोलायचं! मी सांगितलं, छे छे, सगळं माझं मी करते. वरच्या खोलीचं विचारलं तर जिना चढून देवघर दाखवून आणलं. ती म्हणाली, या वयात इतकी टापटीप तिने जिल्ह्यात कुठे पाहिली नाही. तुझी मान खाली जाईल असं काही होऊ दिलं नाही एवढं नक्की.

ईप्सिताला म्हणावं, नवऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची असतील तर आधी माझ्याकडून शिकून घे, कशी ठेवायची ती.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी,
मावशी


॥ श्री ॥
फ्रँकफर्ट, दि. ३० एप्रिल २००६

ती. मावशीस सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी लिहितो आहे. तुझं पत्र ईप्सिताला वाचून दाखवलं, आम्ही दोघं शिऱ्यावरून भांडलो. काम उत्तम चाललं आहे. पहिल्या फेरीचे आकडे कचेरीला इतके आवडले की शेजारच्या जिल्ह्यानेही बोलावलं आहे, आणि तिथल्या कामावरची माणसं आता मी सांभाळायची आहेत. माझ्यासमोर नावं येत नाहीत, नुसते क्रमांक येतात, त्यामुळे तुझं काय ठरलं ते मला कळणार नाही. चांगलंच ठरलं असेल.

उन्हाळ्यात नक्की येतो. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी प्रेमात कसूर नको.

तुझा,
हृषिकेश


॥ श्री ॥
लिंडेनवाइलर, दि. ११ जून २००६

प्रिय कुसुम हिस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं कऱ्हाडहून पाठवलेलं मेतकूट पोचलं. पिशवी फुटली नव्हती. पोस्टमनला वास आवडला असावा, पुष्कळ वेळ दारात उभा होता.

कुसुम, हे पत्र तुझ्याजवळच ठेव. तुझ्या हृषिकेशला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

माझी मदत बंद झाली. कचेरीचा निकाल आला की या बाईंचं त्यांना सगळं जमतं. फ्राउ बेकर शेवटच्या दिवशी रडली. तिला आता त्या वेळात दुसऱ्या गावाला पाठवतात. ते मोजे माझ्या हातांनी चढत नाहीत, बोटांत जोरच नाही. पहिले काही दिवस ते अंगावरच ठेवून झोपले, मग कातडीला जखम झाली म्हणून कापून काढले. आता पाय सुजून खांबासारखे झाले आहेत. टबात पाय टाकायची भीती वाटते म्हणून आंघोळ नाही, बेसिनपाशी ओल्या फडक्याने पुसून घेते. मला माझ्याच अंगाचा वास येतो. हे लिहितानाही लाज वाटते.

तपासनीस बाई आली त्या दिवशी मी कप अर्धेच भरले होते, हात थरथरले तरी सांडू नये म्हणून. देवघर दाखवायला जिना चढले, आणि त्या फ्राउ होल्ट्झला पुढे घालून तिच्या मागून कठड्याला धरून कशीबशी उतरले. ती गेल्यावर संध्याकाळपर्यंत खालच्या पायरीवरच बसून होते. तिने यातलं काही पाहिलं नाही, आणि मी पाहू दिलं नाही.

परवा न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही, पण उठता येईना. शेजारच्या बाईने खिडकीतून पाहिलं तोवर फरशीवर गारठून गेले होते.

तू म्हणशील कऱ्हाडला ये. ह्यांच्या अस्थी इथल्या स्मशानात आहेत, या देशात त्या घरीसुद्धा ठेवू देत नाहीत आणि आता उकरून नेता येत नाहीत. त्यांना इथे एकटं टाकून मी येणार नाही. हृषिकेशकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी वर गेले तर खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरून. आणि त्याला काय सांगू? पोराची इतकी वाहवा होते आहे, पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली माणसं आली आहेत. त्याच्या कामात पहिली खोट मावशीने काढायची? नाही.

तुझ्या दोन ओळी आल्या की बरं वाटतं, म्हणून लिहीत जा.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
कऱ्हाड, दि. २ जुलै २००६

चि. हृषिकेश यास आईचे आशीर्वाद.

ताईने शपथ घातली नव्हती, नुसतं बजावलं होतं, म्हणून लिहिते. घातली असती तरी मोडली असती. सोबत तिच्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाच आणि मग हे.

वाचलीस? तू शिकायला गेलास तेव्हा पहिलं वर्ष कुणाच्या घरी जेवलास? तुझी मावशी पाहुण्यासमोर कधी हूं तरी म्हणाली आहे का? तुझ्या आजोबांच्या आजारपणात स्वतःला ताप असताना तिने पंगती उठवल्या. आपल्या घरात कुणी आलं की दुखणं आतल्या खोलीत ठेवायचं, हे तुला आम्हीच शिकवलं ना? मग तुझ्या त्या नियमात हे कुठे बसतं? जे दिसेल तेच धरायचं म्हणे. आपल्यातल्या बायकांचं दिसतं काय आणि असतं काय, हे जर्मन बाईला कळणार नाही, पण तुला कळायला हवं होतं.

मी फार रागावले आहे. ताबडतोब जा.

आई


॥ श्री ॥
फ्रँकफर्ट, दि. १४ जुलै २००६

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईने सगळं कळवलं. तिच्यावर चिडू नकोस. ऑफिसात बसून मी तुझं पत्र वाचलं आणि स्वच्छतागृहात जाऊन रडलो.

मी कचेरीला तू माझी मावशी हे सांगून टाकलं आहे. फेरतपासणी मंजूर झाली. ऑगस्टच्या शेवटी फ्राउ होल्ट्झ पुन्हा येतील आणि नातेवाईक म्हणून मीही तिथे असेन. तोवर दर शनिवारी येतो. खासगी बाई शोधतो आहे, पण तुमच्या गावापर्यंत यायला कुणी तयार होत नाही.

आता नीट ऐक. या वेळी नारायणपेठ नको, शिरा नको, चहासुद्धा नको. त्या आल्या तर उठायचं नाही. घर जसं असेल तसं राहू दे. आणि तू काही बोलू नकोस, बोलेन मी. तुला कसंतरी वाटेल ते मला कळतं आहे, पण एकदाच सोस. तुझं दुखणं त्यांना दिसलं तरच फ्राउ बेकर परत येतील.

माझ्यावर पूर्वीसारखीच माया कर, असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणतो.

तुझा,
हृषिकेश


॥ श्री ॥
लिंडेनवाइलर, दि. ३ सप्टेंबर २००६

प्रिय कुसुम हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर आठवडाभर रागावले होते, आता थकले. झालं ते झालं.

फ्राउ होल्ट्झ येऊन गेली. हृषिकेश सकाळीच आला होता. मी गाऊनवर खुर्चीत बसले होते, कालची भांडी ओट्यावर तशीच होती. पावसात भिजून आली होती गं ती. मी सवयीने उठायला गेले तर हृषिकेशने खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. ती कोट न काढता बसली. माझ्या घरात माणूस ओल्या कोटाने बसलं आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग तो बोलत राहिला. त्याला वाटत असेल मला ऐकू जात नाही, पण इतक्या वर्षांत मला जर्मन बोलणाऱ्याच्या ओठांवरून सगळं वाचता येतं. तो म्हणाला, हिला आंघोळ जमत नाही. संडासला जाताना वेळेवर पोचत नाही. पडते. हे खरं आहे. तो म्हणाला, शेगडी बंद करायची नेहमी विसरते. नेहमी नाही, एकदा विसरले. तो म्हणाला, हिला क्षणभरही एकटं सोडण्यात अर्थ नाही, दिवसरात्र कुणीतरी लागतं. हे मात्र त्याने मनाचं घातलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने मान वळवली. ती भराभर टिपून घेत होती आणि मध्येमध्ये गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होती.

माझ्यासाठीच बोलत होता, कळतं मला. अगदी वकिलासारखा बोलला. पण कुसुम, मी लहान मुलासारखी तिथे बसून होते आणि माझ्या अंगावरचं एकेक काढून दाखवावं तसं वाटत होतं. ती गेल्यावर तो मिठी मारून म्हणाला की आता काम झालं. मी हो म्हटलं.

देव तुझ्या सुनेला आणि तुला सुखी ठेवो. पत्र टाक.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
फ्रँकफर्ट, दि. २९ ऑक्टोबर २००६

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, मी फार मोठी चूक केली आहे.

निकाल आला. मावशी तिसऱ्या, म्हणजे हाइमच्या, गटात गेली. ज्याला चोवीस तास माणूस लागतं, त्याला घरी मदत देणं हाइमपेक्षा फार महाग पडतं, आणि तसं असेल तर कचेरी घरची मदत नाकारू शकते. कायद्यात ही सोय आधीपासून होती, पण कुठे रेघ मारायची ते कचेऱ्या माणूस बघून ठरवायच्या. ती रेघ ठरवून दिली ती मी. मला वाटलं जितकं जास्त सांगेन तितकी जास्त मदत मिळेल. जिच्याखाली मदत बंद होते त्या खालच्या रेघेचा मी विचार केला. जिच्यावर माणूस हाइममध्ये जातं ती वरची रेघ माझ्या डोक्यातच आली नाही. ज्या कामाचे मी दोन जिल्ह्यांना धडे देतो ते मला स्वतःच्या माणसासाठी आठवलं नाही.

मी फ्राउ होल्ट्झना भेटून सांगितलं की मी वाढवून बोललो. त्या म्हणाल्या की पहिल्या वेळी बाई वाढवून बोलल्या, दुसऱ्या वेळी तुम्ही, आता कुणाचं धरू? नियमाप्रमाणे त्यांनी दिसलं ते धरलं, आणि मावशीचे पाय, ते घर, सगळं तसंच दिसत होतं. कचेरीच्या साहेबांपाशी गेलो. ते चांगले आहेत, पण म्हणाले की सल्लागाराच्या मावशीला अपवाद केला तर उद्या हा नियम कुणी मानणार नाही. अपवाद केला की नियम कुणी मानत नाही, हे पूर्वी मीच त्यांना एका बैठकीत सांगितलं होतं. तक्रार अर्ज दिला आहे, त्याला कितीतरी महिने लागतील. तोवर घरी कुणीच येणार नाही, आणि गेल्या आठवड्यात ती पुन्हा पडली.

आमच्याकडे चल म्हटलं. ईप्सितानेही पाया पडून विनवलं. मावशी म्हणाली की तुमच्या जिन्यावर मला पाळण्यात घालून न्यावं लागेल, आणि हसली. तळमजल्याची जागा शोधतो आहे. पहिल्या डिसेंबरला तिला हाइममध्ये न्यायचं ठरलं आहे.

तू मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तिला मात्र लिही.

हृषिकेश


॥ श्री ॥
हाइम, दि. २१ जानेवारी २००७

चि. हृषिकेश यास मावशीचे आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेली शाल मिळाली. इथे सगळं छान आहे. खोलीत ऊब आहे, खिडकीतून झाड दिसतं, जेवण वेळेवर येतं. मोजे रोज सकाळी चढवून देतात आणि पायाची सूज उतरली आहे. मुली कष्टाळू आहेत, एकेकीकडे किती म्हाताऱ्या! ईप्सिताचा प्रबंध पूर्ण झाला हे वाचून आनंद झाला. तिच्या हातचं काही खावंसं वाटतं, आता तिला वेळही असेल.

इथवर लिहून पत्र दोन दिवस ठेवून दिलं होतं. तू रविवारी येतोस तेव्हाही मी हेच सांगते, आणि तू मान हलवून निघून जातोस. आता खरं लिहिते.

मला इथे हातात चमचा देत नाहीत. कागदावर लिहिलं आहे की हिला काही जमत नाही, म्हणून भरवतात. मला जेवता येतं. मी चमचा मागितला तर मुलगी म्हणाली की त्यात वेळ जातो, आणि तिचंही खोटं नाही, तिला पुढच्या खोलीत जायचं असतं. रात्री लंगोट बांधतात. मी सांगते मला उठवा, मला कळतं, पण उठवायला माणूस नाही. गेल्या गुरुवारी माझे केस कापले. विंचरायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांचेच कापतात. मी जर्मनमध्ये नको नको म्हणत होते, ते कापणाऱ्या मुलीला मराठी वाटलं की काय कोण जाणे. हृषिकेश, हे गेले तेव्हा माझ्या केसांना हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. माझ्या आत्याचे काढले होते, तिला आम्ही पाहिलं आहे. आता आरशात ती दिसते. तू परवा आलास तेव्हा मी शाल डोक्यावरून घेतली होती ती थंडीने नाही.

इथे कुणी पाहुणा म्हणून येत नाही, जो येतो तो कामाला येतो. तूसुद्धा आल्या आल्या आधी बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलतोस. मला तुझा राग आला आहे. तू वाईट नाहीस, तू माझं वाईट चिंतलं नाहीस, हे सगळं मला कळतं, आणि तरी राग येतो. त्या दिवशी मला न विचारता तू माझ्याबद्दल बोललास. एकदा माझ्याकडे वळून विचारलं असतंस, मावशी, तुला काय हवं आहे, तर मी सांगितलं असतं. की नसतं सांगितलं, कुणास ठाऊक. मला मागायची सवय नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून कुणाकडे काही मागितलं नाही, ह्यांच्याकडेसुद्धा नाही.

म्हणून हे लिहायला मला दोन दिवस लागले. माझ्याने इथे राहवत नाही. मला भीती वाटते. मी इथे मरेन त्याचं काही नाही, पण मरायच्या आधी मी कोण होते हे मीच विसरेन असं वाटतं. मला इथून ने. कुठेही ने, कसंही ने, पण लवकर ने. मी तुझ्याकडे मागते आहे.

तुझी,
मावशी